गोधडीचं काम घरी सुरू करायचंय? मग होळीलाच बसा

भाची चोपड्याहून सारखी विचारते, मावशी मला पण घरी गोधडी न शिलाईचं काम सुरू करायचंय, काय काय लागतं ते एकदा लिहून दे. म्हटलं चला, तिला लिहितेच आहे तर इथेच टाकते.

सगळ्यात आधी मशीन नाही बघायचं, कॅलेंडर बघायचं. आपल्या खान्देशात गोधडीला गिऱ्हाईक येतं दिवाळी झाली की, थंडीचा कडाका पडला की जानेवारीपर्यंत फोन थांबत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसात हाताने टाके घालणाऱ्या बायका कापूस वेचायला जातात. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, रोख मिळतात, तुमच्या ओट्यावर कोण बसणार? पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात सात ऑर्डरी घेऊन बसले न हाताशी बाई एक नाही, शेवटी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी न सासूबाई. चार दिल्या, तिघांना ॲडव्हान्स परत केला. म्हणून आता माझं ठरलेलं आहे, गहू-हरभरा निघाला, होळी झाली की बसायचं ते थेट मृगापर्यंत. तेव्हाच बायका मोकळ्या असतात, एकदा निंदणी सुरू झाली की परत गेल्या.

तर होळीच्या आधी काय काय तयार पाहिजे. जागा, म्हणजे आठ बाय आठ फुटाची सपाट फरशी जिथे गोधडी अंथरून तीन-चार दिवस हलवायची नाही. पलंगावर थर लावू नका, खाली झोळ राहतो तो शिवल्यावर दिसतो. आमचं जुनं धाब्याचं घर, वरून माती गळते, म्हणून मी आधी छताला जुनं धोतर ताणून बांधलं, हसू नका, पांढरी गोधडी एकदा मातीने भरली की कळतं. उन्हाळ्यात 44-45 पर्यंत पारा जातो तेव्हा मांडीवर पाच थराची गोधडी घेऊन कोणी बसत नाही, तर पहाटे साडेपाच ते नऊ हातटाके, नंतर आत पंख्याखाली कापणं, तुकडे जोडणं, इस्त्री मात्र संध्याकाळीच.

साड्या. याचं गणित भाचीने पाठच करावं. पाचवारी म्हणजे साडेपाच मीटर, 18 फूट धरा, पन्हा साधारण 45 इंच. डबल गोधडी सात फुटी करायची तर सात-सात फुटाचे दोन तुकडे कापून उभे जोडले की एक थर झाला आणि चार फूट उरलं ते गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, न कोपऱ्याला. म्हणजे पाच थराला पाच साड्या. सिंगल असेल तर एका साडीत दोन थर, तीन साड्यात काम होतं. वरचे न खालचे थर चांगले, मधले तीन विरलेले चालतात पण फाटके नाही, फाटकं आत गोळा होतं. थर पाचाच्या वर नेऊ नका, एका वहिनींनी हौसेने आठ थर करून घेतले न धुवायला काढल्यावर त्यांच्या सासूबाई म्हणे, "हाई काय शे व माय, इतली जड!" बादलीतून निघेना.

सुती न पॉलिस्टर एकत्र नको. पॉलिस्टर घसरतं, घाम पित नाही, आणि सुतीच्या हिशोबाने इस्त्री फिरवली की आक्रसतं. ओळखता येत नसेल तर काठाचा एक धागा काढून जाळा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास न राख, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. नवीन सुती कापड आणलं तर कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं न वरची बाजू तशीच राहते, सगळी गोधडी सुरकुतते. लाल, मरून, गडद हिरव्याला ओलं पांढरं फडकं घासून बघा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, मला तरी तो अनुभव नाही, रंग सोडणारी साडी मी सरळ बाजूला काढते.

आता मशीन. घरात पायमशीन आहे तर तेच ठेवा, मोटर बसवून घ्या पण पायट्याचा पट्टा काढून टाकू नका, लाईट गेली की तोच कामाला येतो. गोधडीला 16 नंबरची सुई, फारच जाड असेल तर 18, ब्लाउजला 11 किंवा 14. प्रत्येक मोठ्या गोधडीनंतर सुई बदला, पाच-दहा रुपयाच्या सुईसाठी टाके सुटलेले मी पाहिलेत. टाका मोठा करायचा, दाब थोडा कमी करायचा, आणि गोधडी दोन्ही बाजूने गुंडाळी करून मधून शिवत बाहेर जायचं, कडेपासून सुरू केलं तर मधे फुगा येतो. त्याच्याआधी कच्चा टाका किंवा सेफ्टी पिना, वीतभर अंतरावर, आळस नको. शटलमधे सुताचा कचरा लई साचतो, रोज ब्रश, आठवड्याला तेल, आणि तेल दिल्यावर आधी चिंधीवर चालवा. कात्र्या दोन, कागदाची वेगळी. कापडाच्या कात्रीने पोराने पुठ्ठा कापला होता, तो दिवस आमच्या घरात अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

फक्त गोधडीवर घर चालेल असं समजू नका. फॉल-पिको, ब्लाउज, परकर, हे बारा महिने. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी माहेरवाशिणी येतात, लग्नं असतात, तेव्हा ब्लाउजची गर्दी आणि गोधडीचे हातटाके एकाच वेळी येतात. तर ब्लाउज मशीनवर तुम्ही, गोधडी ओट्यावर बायका, अशी वाटणी आधीच करून ठेवा. बायकांशी रोजावर नाही, नगावर ठरवा. हातची डबल गोधडी दोघींना सकाळचे साडेतीन तास धरले तर आठ-नऊ दिवस जातात, तेवढे पैसे किमतीत धरलेत का ते बघा, मशीनची गोधडी एका दिवसात होते म्हणून तिचा न हातच्या गोधडीचा भाव एक ठेवू नका. गिऱ्हाईक विचारतंच, एवढी महाग का, तर टाके मोजायला सांगा.

वही. मापाची वेगळी, गोधडीची वेगळी. आईच्या, आजीच्या साड्या घेऊन लोकं येतात, त्या गोधडीत चूक चालत नाही. एका ताईंच्या आईची जांभळी साडी होती, मी नेहमीसारखा पदर कापून गोटाला घातला, त्यांना तो मधोमध पाहिजे होता. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या हात फिरवत बसल्या, मला भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून कात्री लावायच्या आधी प्रत्येक साडी उलगडून फोटो, पदर कुठे, काठ कुठे, काय ठेवायचं काय नाही, हे व्हॉट्सॲपवर त्यांच्याकडून लिहून घेते. निम्मा ॲडव्हान्स पण तेव्हाच.

कागदपत्रं पटकन सांगते. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते, आधार न पॅनवर, पैसे मागणाऱ्याला देऊ नका, मी 500 देऊन बसले होते. 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे त्यात शिंपीकाम बसतं, 15 हजारांपर्यंत अवजारांसाठी, पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्याने, घरातल्या एकालाच मिळते. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचा क्यूआर ठेवू नका, वेगळं खातं काढा, नाहीतर दोरा न दूध एकाच हिशोबात जातं.

आणि तयार माल. मे महिन्यात शिवलेल्या गोधड्या दिवाळीपर्यंत ठेवायच्या म्हणजे मधे पूर्ण पावसाळा. कडक उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूने तापवायच्या, गार होऊ द्यायच्या, मग सुती चादरीत बांधून पत्र्याच्या पेटीत, खाली वर वाळलेला कडुनिंबाचा पाला. प्लास्टिकमधे बांधल्या होत्या त्यातल्या दोन बुरशीने गेल्या. श्रावणात एखादी उघडीप मिळाली की परत एकदा उन्हात. पेटी जमिनीला टेकवू नका, खाली चार विटा द्या, आमच्याकडे उंदीर आहेत न मांजर आळशी आहे.

भाचीसाठी एवढंच, यंदा होळीला निदान दोन सिंगल अंथर, साड्या माझ्याकडे आहेत त्या ने, पण निळी नारळी काठाची सोडून.