घरच्या कॉम्प्युटरला वायफाय लावताय? नवा राऊटर आणायच्या आधी या चुका टाळा

जून उजाडला की ॲडमिशनचे फॉर्म, ऑनलाइन क्लास, घरून ऑफिस सगळं एकदम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच घरच्या कॉम्प्युटरवर नेट चालेनासं होतं. मग घरोघरी तेच, आधी केबलवाल्याला शिव्या, मग कस्टमर केअरला फोन, आणि शेवटी कोणीतरी सांगतं म्हणून नवा राऊटर. पैसे जातात आणि अडचण आहे तिथेच, कारण बऱ्याचदा दोष राऊटरमध्ये नसतोच. म्हणून कळकळीने सांगतोय, आधी दोष कुठे आहे ते शोधा आणि मगच खिशात हात घाला.

शोधणं अवघड नाहीये. बाहेरून घरात येणारी लाईन, राऊटरपासून टेबलापर्यंतचं वायफाय आणि कॉम्प्युटर स्वतः, या तिघांपैकी एक कोणीतरी गुन्हेगार असतो. राऊटरच्या खोक्यात एक छोटी लॅन केबल येते, बहुतेक घरांत ती पिशवीतून बाहेरच निघालेली नसते, ती काढा आणि कॉम्प्युटर थेट राऊटरला जोडून बघा, केबल पुरत नसेल तर लांब केबल कोणाकडून तरी मागून आणा. केबलवर नेट मस्त चालतंय म्हणजे लाईन ठीक आहे, केबलवाल्याचा काही दोष नाही. आता फोन घ्या, कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी ठेवा आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडा. फोनवरही रडतंय तर त्या जागी रेंजच नाही, आणि फोनवर धावतंय पण कॉम्प्युटरवर नाही तर दोष कॉम्प्युटरात. फक्त ही टेस्ट करताना फोनचा मोबाईल डेटा बंद करा हां, नाहीतर वायफाय कमजोर असलं की फोन गुपचूप कंपनीच्या डेटावर जातो आणि "अरे, मोबाईलवर तर चालतंय रे" असं म्हणून काका-काकू अख्खा दिवस कॉम्प्युटरशी झगडत बसतात.

कॉम्प्युटरमध्ये वायफाय आहे का, हे आधी बघा

लॅपटॉपमध्ये असतंच, पण असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा नसतं. लोक खाली कोपऱ्यात वायफायचं चिन्ह शोधत बसतात, विंडोज परत टाकतात, आणि मुळात आत कार्डच नाहीये. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्सची यादी बघा. तिथे वायरलेस किंवा वायफाय असं काही नाव नसेल आणि अनोळखी डिव्हाइस म्हणून पिवळं चिन्हही कुठे नसेल तर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं वायफायचं यंत्र, किंवा आत बसवायचं कार्ड विकत घ्यावं लागणार.

काही मदरबोर्डवर वायफाय असतं तरी रेंज अर्धी-पाऊण कांडी. अशा वेळी सीपीयूच्या मागे वाका आणि बघा, पितळेचे दोन छोटे आटे बाहेर आलेले आहेत आणि त्यांच्यावर काहीच लावलेलं नाहीये, असं दिसलं तर अँटेना मदरबोर्डच्या खोक्यातच पडून आहेत. असेंबल करणारा घाईत विसरतो आणि खोकं माळ्यावर जातं. अँटेना काढा, हाताने फिरवून घट्ट बसवा, लगेच फरक दिसतो. डोंगल घेण्याआधी हे नक्की तपासा, फुकटचं काम आहे.

आता डोंगल घ्यायचाच असेल तर लॅमिंग्टन रोडला गेल्यावर सगळ्यात स्वस्त, नखाएवढा डोंगल मागू नका. त्यावर १५० एमबीपीएस, म्हणजे स्पीडचा आकडा, लिहिलेलं असतं आणि वाटतं की आपला प्लॅन १०० चा, म्हणजे पुरे. तो आकडा हवेतला, प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी नशीब, शिवाय वायफायच्या लहरींचे दोन पट्टे, म्हणजे बँड, असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यातल्या सहसा फक्त २.४ वर तो चालतो. ड्युअल बँड घ्या, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही. आणि तो सीपीयूच्या मागच्या पोर्टला खुपसू नका, तिथे एका बाजूला लोखंडी कॅबिनेट आणि दुसऱ्या बाजूला भिंत, सिग्नल येणार कुठून. एक साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर वर आणून ठेवा. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर ती लांब सरकवा, यूएसबी ३ च्या वायरीतून जी खरखर बाहेर पडते ती २.४ गिगाहर्ट्झलाच त्रास देते, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलेलं आहे, तरी दुकानात हे कोणी सांगत नाही.

ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोजला वायफायचं यंत्र चालवता यावं म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं, त्रांगडं वेगळंच. विंडोज नवीन टाकली, वायफायचा ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर पाहिजे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग चालू करा, बास, विंडोज ते लॅन समजून घेते. वायर मात्र डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची नको. मग डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा मदरबोर्डच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर अपडेटर नावाची फुकट सॉफ्टवेअरं अजिबात टाकू नका, एकाच्या जागी चार भानगडी होतात. काही डोंगल लावले की आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात, घाबरू नका, ड्रायव्हर त्यातच असतो, तो टाकला की डोंगल आपल्या खऱ्या रूपात येतो.

राऊटर कुठे टांगलाय

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं. फायबरवाला येतो, वायर मुख्य दरवाजातून आत येते म्हणून तिथेच चपलांच्या रॅकवर डबा ठोकतो आणि जातो. घरच्यांना वायरी दिसायला नकोत म्हणून मग तो टीव्ही युनिटच्या आत, टीव्हीच्या मागे, नाहीतर मीटरच्या लोखंडी पेटीत जातो. आणि कॉम्प्युटर असतो आतल्या बेडरूममध्ये, मधे लोखंडी कपाट, त्यावर मोठा आरसा. धातू आणि आरसा वायफाय परत फेकतात, फिश टँक असेल तर पाणी गिळून टाकतं.

मुंबईत घराप्रमाणे आजार बदलतो हे लक्षात घ्या. परळ, वरळी, ठाणे, मुलुंडकडे जे नवे टॉवर झालेत त्यातले बरेच मायवान पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात आणि त्या काँक्रीटमध्ये सळयांची जाळी असते. अशा फ्लॅटमध्ये हॉलमधलं ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत गेलं की मरतं, तिसऱ्या खोलीत तर नावही दिसत नाही. उलट गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत खोल्यांमध्ये लाकडी पार्टिशन असेल तर सिग्नल आरपार जातो, पण शेजाऱ्यांचाही आरपार येतो! वायफायची यादी उघडली की वीस-पंचवीस नावं, आणि सगळी २.४ वर एकमेकांच्या अंगावर.

चाळीत, म्हाडाच्या नाहीतर एसआरएच्या बिल्डिंगमध्ये लोक इथे एक चूक हमखास करतात. २.४ मध्ये चॅनल, म्हणजे रस्त्यावरच्या लेनसारखे भाग, १३ असले तरी एकेक चॅनल शेजारच्या चॅनलवर सांडतो, त्यामुळे एकमेकांना न टोचणारे तीनच, १, ६ आणि ११. एखादा हुशार माणूस फोनवर वायफाय ॲनालायझर टाकतो, बघतो की ३ किंवा ४ रिकामा आहे, आणि तो लावतो. रिकामा दिसतो खरा, पण तिथे १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही. १, ६, ११ मध्ये ज्यावर गर्दी कमी तो घ्या आणि चॅनलची रुंदी ४० नको, २० ठेवा. आणि कॉम्प्युटर राऊटरच्याच खोलीत असेल तर हे सगळं सोडा, सरळ ५ गिगाहर्ट्झवर जोडा, तिथे रस्ता मोकळा असतो. दोन्ही बँडला एकच नाव असेल तर कॉम्प्युटर कधीकधी २.४ लाच चिकटून बसतो, राऊटरच्या सेटिंगमध्ये नावं वेगळी करा म्हणजे कळतं आपण कुठे आहोत. पुढच्या वेळी मायक्रोवेव्ह लावल्यावर नेट अडकलं तर तेही २.४ चंच दुखणं आहे, मायक्रोवेव्ह त्याच लहरींवर चालतो.

टॉवरवाल्यांची चूक वेगळी, ते रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा, आणतात आणि जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावतात. अहो, त्या रिपीटरला तरी सिग्नल कुठून मिळणार? तो अर्ध्या वाटेवर लावायचा, जिथे अजून चांगली रेंज येते तिथे. आणि साधा एका बँडचा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. काँक्रीटच्या घरात खरा उपाय एकच, एक लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत न्या, पट्टीतून न्या, दाराच्या चौकटीवरून न्या, कशीही न्या, आणि तिथे जुना राऊटर ॲक्सेस पॉइंट करून, म्हणजे केबलवर आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला, लावा. जुन्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंटचा पर्याय नसेल तर केबल त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या भोकाला, न लावता लॅन पोर्टला लावा, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटर-फोनना आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद करा आणि त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला, कारण दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वर असले तर भांडण ठरलेलं.

कनेक्टेड दाखवतं पण नेट नाही

इथे घाई नडते. लोक पिन घेतात आणि राऊटरच्या मागच्या बारीक भोकात दाबून धरतात. हे प्लीज करू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं, पिन दाबली की कंपनीने आत भरलेला युजरनेम-पासवर्ड पुसला जातो, आणि मग जे आधी फक्त अडखळत होतं ते पूर्ण बंद होतं, शनिवार संध्याकाळ असेल तर सोमवारपर्यंत माणूस येत नाही. नुसता स्विच बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नका.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर कॉम्प्युटरवर काहीही करून उपयोग नाही, प्रकाशच येत नाहीये. पिवळी किंवा पांढरी बारीक वायर दाराच्या फटीत चेंगरली आहे का, कोणी साफसफाईत घट्ट गुंडाळून रबर लावलंय का, एवढं बघा. फायबर आत काचेचं असतं, जास्त वाकलं की प्रकाश बाहेर सांडतो. त्याचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका.

दिवे हिरवे, फोनवर नेट चालू आणि फक्त कॉम्प्युटर रुसलाय, असं असेल तर सेटिंगमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी, म्हणजे नेटवर्कमधला कॉम्प्युटरचा पत्ता, बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, वायफाय विसरा, म्हणजे फर्गेट करा, आणि पासवर्ड नीट टाकून परत जोडा. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक गंमत असते, पूर्वीच्या केबलवाल्याने हाताने भरलेला आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचा आकडा) अजून तसाच असतो, कंपनी बदलली, राऊटर बदलला, आकडे तेच. ते ऑटोमॅटिकवर करा.

कॉम्प्युटरची तारीखही बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग प्रत्येक साइट कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून ओरडते, कारण सर्टिफिकेटची तारीख जुळत नाही. सेल नाण्याएवढा असतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

आणि थोडा वेळ उठून चहा घेऊन आलं की नेट गेलेलं, असं सारखं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला परवानगी द्या अशा अर्थाची खूण असते, ती काढा.

पासवर्ड

वायफाय उघडं ठेवू नका, शेजारधर्म म्हणूनसुद्धा नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून पाठवला गेला होता, पोलीस त्याच्या दारात गेले, त्याच्यामागे चौकशी लागली, आणि पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका कॉलेजचं वायफाय असंच वापरलं गेलं. सेटिंगमध्ये वायफायच्या कुलपाचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडा, जुनं डब्ल्यूईपी नको, डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायचं, बटण बंद ठेवा, आणि राऊटरच्या आत शिरायचा ॲडमिन पासवर्डही बदला, तो बहुतेक जण तसाच सोडतात. शेजाऱ्यांना द्यायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून द्या.

स्पीड कमी आहे म्हणून भांडायला जाताना

१०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे डाऊनलोडच्या खिडकीत सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. ही लूट नाहीये. २०० चा प्लॅन घेतला आणि केबलवर पण ९४-९५ च्या वर जात नसेल तर बहुधा राऊटरचे पोर्टच १०० चे आहेत, नाहीतर लॅन केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्यात. हे केबल बदलून लगेच कळतं.

आणि तक्रार करायचीच असेल तर नुसतं नेट स्लो आहे असं सांगू नका. लॅन केबल थेट लावून स्पीड किती येतो, कुठला दिवा कुठल्या रंगाचा आहे, दिवसभर असं होतं की रात्रीच, एवढं सांगा आणि तक्रार नंबर लिहून घ्या, मग समोरचा राऊटर बंद-चालू करा सांगून फोन ठेवत नाही, लाईनमन पाठवतो.