घाटमाथ्यावर रुसणारी जुनी गाडी: माझा अनुभव

माझी जुनी आलिशान गाडी सपाटीवर विनातक्रार धावे. मात्र घाट चढून माथ्यावर थांबवली की पुन्हा सुरू होत नसे. ठिणगी व्यवस्थित पडत होती, पण टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे नेणाऱ्या पंपाच्या काचेच्या वाटीत पेट्रोलऐवजी बुडबुडेच दिसले. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल लवकर उकळते, त्यात इंजिनावरचा पंप ते टाकीतून ओढतो, त्यामुळे नळीतला दाब आणखी घटतो आणि वाफ अडकून बसते. पंपावर ओले फडके टाकणे हा तात्पुरता उपाय झाला. मी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून (धूर बाहेर सोडणाऱ्या गरम नळीपासून) दूर वळवली आणि टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवला, जेणेकरून पेट्रोल ओढले न जाता ढकलले जावे. नंतर माथ्यावर मुद्दाम तापलेले इंजिन बंद केले, थोडा वेळ थांबलो आणि स्टार्टर दाबताच ते सुरू झाले.