रसायनशास्त्रज्ञांची गुरुपरंपरा शोधताना: माणसे नव्हे, कड्या मोजा

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रोआल्ड हॉफमन म्हणजे रॉबर्ट वुडवर्ड यांचे विद्यार्थी, असे अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. रासायनिक अभिक्रियांविषयीचे वुडवर्ड-हॉफमन नियम १९६५ साली दोघांच्या नावाने आले, दोघेही हार्वर्डचे, गल्लत होणारच. प्रत्यक्षात हॉफमन यांची पीएचडी १९६२ ची, मार्गदर्शक विल्यम लिप्सकम. वुडवर्ड यांच्याशी नाते सहकाऱ्याचे. वंशावळीतल्या चुका बहुतेक याच जातीच्या असतात: माणसे खरी, ओळखही खरी, नाते तेवढे चुकीचे लावलेले. म्हणून नावांची यादी करत बसू नका. एकेका कडीची, म्हणजे एका गुरूच्या आणि एका शिष्याच्या नात्याची, नोंद करा.

साधी स्प्रेडशीट पुरते. एका ओळीत एक शिष्य आणि एक गुरू. दोन गुरू असतील तर दोन ओळी. रकाने: शिष्याचे पूर्ण नाव, ते मूळ लिपीत, जन्म-मृत्यूची वर्षे, पदवी, विद्यापीठ, वर्ष, प्रबंधाचे शीर्षक, गुरू, नात्याचा प्रकार, पुरावा (पान क्रमांकासह) आणि खात्री. खात्रीला तीन पायऱ्या पुरेत. प्रबंधातच लिहिलेले असेल तर 'क', मृत्युलेखात किंवा आत्मवृत्तात असेल तर 'ख', आणि नुसते कुठल्या तरी संकेतस्थळावर सापडले असेल तर 'ग'. 'ग' ची कडी नोंदवायला हरकत नाही, पण तिच्यावरून पुढे जाऊ नका. आधी तिचा 'ख' करा.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना नात्याच्या प्रकाराचा. पदवीचा मार्गदर्शक, सहमार्गदर्शक, पोस्टडॉकचा (पीएचडीनंतरच्या संशोधनाचा) प्रमुख आणि ज्याच्या प्रयोगशाळेत साहाय्यक राहून हात बसला तो, हे चार प्रकार वेगळे ठेवा. पोस्टडॉकची कडी पदवीच्या साखळीत मिसळली की दर पिढीला दोन-तीन वाटा फुटतात, आणि मग हवा तो पूर्वज गाठता येतो. लीबिगपर्यंत (एकोणिसाव्या शतकातले नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञ) पोचायचेच असे ठरवून बसलेला माणूस पोचतोच.

पुरावा कुठे शोधायचा? पहिल्यांदा प्रबंधात. अमेरिकी प्रबंध प्रोक्वेस्टच्या सूचीत सापडतात, फ्रेंच प्रबंध तेझ-डॉट-एफआरवर (१९८५ नंतरचे, त्याआधीच्यांसाठी सुडॉक हा ग्रंथालयांचा संयुक्त कॅटलॉग), जर्मन प्रबंध जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयात (संग्रह १९१३ पासूनचा). सूचीतल्या 'मार्गदर्शक' रकान्यावर मात्र थांबू नका. जुन्या नोंदींत तो बहुधा रिकामा असतो. स्कॅन उघडून मुखपृष्ठ, स्वाक्षऱ्यांचे पान, ऋणनिर्देश आणि शेवटचे पान, ही चार ठिकाणे स्वतः पाहा. स्वाक्षऱ्यांच्या पानावर समितीचा अध्यक्ष वेगळा आणि मार्गदर्शक वेगळा असू शकतो. ऋणनिर्देशात काम कोणी सुचवले ते कळते. फ्रेंच प्रबंधाच्या मुखपृष्ठावर परीक्षक मंडळ छापलेले असते. मारी क्युरी यांच्या १९०३ च्या प्रबंधावर अध्यक्ष लिपमान आणि परीक्षक बुटी व म्वासाँ ही नावे आहेत. पुष्कळ वंशावळींत लिपमान 'मार्गदर्शक' म्हणून येतात. त्यांच्या प्रयोगशाळेत मारी यांनी आधी काम केले होते, त्यामुळे कडी निराधार नाही. पण मुखपृष्ठ सांगते ते अध्यक्षपद, आणि नोंद करताना तसेच लिहावे.

प्रबंध मिळाला नाही तर मृत्युलेख. रॉयल सोसायटीचे चरित्रात्मक लेख १९३२ पासून आहेत, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे १८७७ पासून, आणि जर्मन केमिकल सोसायटीचे 'बेरिश्टे' हे नियतकालिक १८६८ पासून. नोबेल विजेत्यांची आत्मवृत्ते तर फुकट वाचता येतात. यातही एक मेख आहे. 'अमुक यांच्या हाताखाली शिकले' या वाक्याचा अर्थ व्याख्याने ऐकली असाही असतो. प्रयोग कोणाच्या टेबलावर झाले, हे स्पष्ट लिहिलेले असेल तरच पदवीची कडी माना. विकिडेटाने (विकिपीडियाच्या जोडीचा खुला माहितीसाठा) हा भेद ठेवला आहे: पी१८४ म्हणजे पदवीचा मार्गदर्शक, पी१०६६ म्हणजे नुसता 'यांचा विद्यार्थी'. भरणारे तो दर वेळी पाळतातच असे नाही. गुरुशिष्यांच्या नोंदी ठेवणारी केमिस्ट्री ट्री किंवा मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट (नाव गणिताचे असले तरी रसायनवालेही त्यात आहेत) सुगावा म्हणून उत्तम. पुरावा म्हणून नाही.

हॉफमन यांच्यापासून मागे जाऊन पाहू. कंसात पदवीचे ठिकाण आणि वर्ष; बाणाच्या उजवीकडे गुरू, डावीकडे शिष्य.

हॉफमन (हार्वर्ड, १९६२) ← लिप्सकम (कॅलटेक, १९४६) ← लायनस पॉलिंग (कॅलटेक, १९२५) ← रॉस्को डिकिन्सन (कॅलटेक, १९२०) ← आर्थर नॉयेस (लाइपझिग, १८९०) ← विल्हेल्म ऑस्टवाल्ड (डॉर्पाट, १८७८) ← कार्ल श्मिट (गीसेन, १८४४) ← युस्टुस फॉन लीबिग.

साखळी तयार झाली की पदव्यांमधली अंतरे काढा: १६, २१, ५, ३०, १२, ३४ वर्षे. पाचपेक्षा कमी किंवा पंचेचाळीसपेक्षा जास्त अंतर दिसले की ती ओळ पुन्हा तपासायची, असा नियम ठेवला तर बरीचशी घाण निघून जाते. इथले पाच वर्षांचे अंतर अगदी काठावरचे, पण खरे आहे: डिकिन्सन हे कॅलटेकचे पहिले पीएचडी, आणि पॉलिंग यांना क्ष-किरण स्फटिकशास्त्र त्यांनीच शिकवले. त्याच १९२० साली थ्रूप कॉलेजचे नाव बदलून कॅलटेक झाले, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या. डॉर्पाटचेही तसेच. ते पुढे युरिएव्ह झाले आणि आज एस्टोनियातले टार्टू आहे; तिन्ही नावांनी शोधल्याशिवाय 'सापडत नाही' म्हणू नये.

लीबिग यांच्याही मागे गेलात की रस्ता फुटतो. डॉक्टरेट एर्लांगेनची, १८२३ ची, आणि तिथले गुरू कास्टनर. पण पदवी मिळाली तेव्हा लीबिग पॅरिसमध्ये होते, आणि खरे विश्लेषण शिकले ते तिथे गे-ल्यूसाक यांच्या प्रयोगशाळेत. दोन ओळी, दोन प्रकार. गे-ल्यूसाक स्वतः बेर्तोले यांचे साहाय्यक होते. इथून मागे पदवीची साखळी संपते आणि साहाय्यक, वैद्यकीची पदवी, औषधविक्रेत्याकडची उमेदवारी अशी नाती सुरू होतात. ती 'पीएचडी' या रकान्यात कोंबू नका. लीबिग यांचे समकालीन व्योलर यांची पदवी १८२३ ची, हायडेलबर्गची, वैद्यकीची. रसायन पक्के झाले ते त्यानंतर स्टॉकहोमला बर्झेलियस यांच्याकडे. ब्रिटनमध्ये तर पीएचडी १९१७ नंतरच आली. रॉबर्ट रॉबिन्सन यांची १९१० ची मँचेस्टरची पदवी डीएससी (डॉक्टर ऑफ सायन्स) आहे. तिथे धाकटे पर्किन (विल्यम हेन्री, जन्म १८६०) 'मार्गदर्शक' लिहिताना प्रकार जपून निवडा.

एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रबंध वाचताना तीन शब्द ओळखता आले तरी काम भागते. 'रेफरेंट' म्हणजे प्रबंधावर अहवाल देणारा. हा कित्येकदा संस्थेचा संचालक असतो, काम करवून घेणारा नव्हे. 'आउफ फरानलासुंग' म्हणजे 'यांच्या सूचनेवरून'. खरा गुरू या शब्दांपाशी सापडतो. आणि 'लेबेन्सलाउफ', म्हणजे शेवटच्या पानावरचे स्ववृत्त, ज्यात कोणाची व्याख्याने ऐकली त्यांची लांबलचक यादी असते. ती यादी गुरूंची समजणे ही नवख्याची ठरलेली चूक. पदवीचे गाव आणि कामाचे गाव एकच असेल असेही धरू नका: जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बायर यांची १८५८ ची पदवी बर्लिनची, काम हायडेलबर्गला केकुले यांच्या खासगी प्रयोगशाळेतले.

नावांनी दगा दिला तर तो फिशरइतका कोणी देत नाही. एमिल फिशर आणि ओटो फिशर हे चुलत भाऊ, दोघेही जन्माने १८५२ चे, दोघेही बायर यांचे विद्यार्थी, आणि रोझॅनिलिन रंगांवरचे काम दोघांनी मिळून केलेले. आडनाव आणि जन्मवर्ष जोडून ओळखचिन्ह बनवण्याची पद्धत एरवी चांगली, पण इथे पूर्ण नावही लागते. शिवाय हान्स फिशर आणि एर्न्स्ट ओटो फिशर आहेतच. पर्किन बापलेकांचे नाव तर हुबेहूब तेच, विल्यम हेन्री. तिथे जन्मवर्ष (१८३८ आणि १८६०) लिहिल्याखेरीज ओळ पुरी झाली असे समजू नका.

चित्र काढायला ग्राफव्हिज हे मोफत साधन बरे. पदवीच्या कडीला सलग रेघ, बाकीच्यांना तुटक, 'ग' खात्रीच्या कड्यांना फिकट रंग. बाण गुरूकडून शिष्याकडे ठेवा, म्हणजे जुनी पिढी वर येते. सगळे बाण खाली जात असताना एखादाच उलटा वर चढलेला दिसला, तर साखळी कुठे तरी स्वतःवरच वळली आहे. बहुधा दोन माणसे एका ओळखचिन्हात मिसळलेली असतात. त्या वळणावरच्या प्रत्येक ओळीचा पुरावा पुन्हा उघडायचा.