'एग्झॉर्ट' हे इंग्रजी क्रियापद कधी आणि कसे वापरावे

दीक्षान्त समारंभाच्या इंग्रजी बातमीत प्रमुख पाहुणे विद्यार्थ्यांना हमखास 'एग्झॉर्ट' करतात आणि त्याच समारंभाच्या मराठी बातमीत तेच पाहुणे 'आवाहन' करतात. त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत बसवता येतात, अशी समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. इंग्रजीतून मराठीत येताना 'आवाहन' बहुतेक वेळा चालून जाते; मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र प्रत्येक आवाहनाला 'एग्झॉर्ट' म्हणता येत नाही.

एखाद्याने विशिष्ट कृती करावी किंवा विशिष्ट रीतीने वागावे, म्हणून त्याला कळकळीने आणि जोर देऊन सांगणे, हा या क्रियापदाचा गाभा आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील 'होर्तारी', म्हणजे उद्युक्त करणे किंवा उत्तेजन देणे, या धातूत असून 'एक्स' या उपसर्गाने त्याला अधिक जोर आला आहे. ('हॉर्टिकल्चर'मधला 'हॉर्ट' बागेचा आहे, त्याचा इथे संबंध नाही.) स्पेलिंगमध्ये 'एक्स'नंतर 'एच' लिहावाच लागतो, पण 'एग्झिबिट' आणि 'एग्झॉस्ट' या शब्दांतल्याप्रमाणे तो उच्चारात ऐकू येत नाही, म्हणून 'एक्सहॉर्ट' असा उच्चार टाळावा.

हा शब्द योजण्यापूर्वी सांगणारा कोण आणि तो काय करायला सांगतो आहे, हे पाहावे. सांगणाऱ्याला वय, पद, अनुभव किंवा नैतिक अधिकार यांपैकी कशाचा तरी आधार असतो आणि जे करायला सांगितले आहे त्यासाठी धैर्य, कष्ट किंवा वागण्यातला बदल लागतो. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र दिला. त्या प्रसंगाविषयी 'गांधी एग्झॉर्टेड द पीपल टू डू ऑर डाय' हे वाक्य चपखल बसते. याउलट, पोलिसांनी एखाद्या अपघाताची माहिती देण्याचे आवाहन केले किंवा महापालिकेने कर वेळेत भरण्याचे आवाहन केले, तर तिथे 'अपील' पुरेसे आहे. अशा सूचनेला 'एग्झॉर्ट' म्हटले, की साध्या फलकावर भाषणाचा आव येतो. आपल्याकडच्या इंग्रजी वार्तांकनात हा शब्द इतका स्वस्त झाला आहे, की खऱ्या कळकळीच्या प्रसंगी त्याचा जोर जाणवेनासा होतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. हा शब्द बोलणाऱ्यापेक्षा त्याच्याविषयी लिहिणाऱ्याच्या अधिक उपयोगाचा आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिक्षण, चळवळ आणि संघटन यांचा संदेश दिला, तेव्हा त्यांनी स्वतः त्याला सल्ल्याचे शब्द म्हटले. त्याचा वृत्तान्त लिहिणारा मात्र 'एग्झॉर्टेड' हे क्रियापद योग्य रीतीने वापरू शकतो. 'आय एग्झॉर्ट यू' असे प्रथमपुरुषी वाक्य प्रवचनात किंवा औपचारिक भाषणात शोभते. रजा मंजूर करावी म्हणून वरिष्ठांना लिहिलेल्या अर्जात ते हास्यास्पद ठरेल, कारण तिथे विनंतीची दिशा खालून वर असते. तिथे 'रिक्वेस्ट' लिहावे. घरगुती बोलण्यातही हा शब्द जड होतो. आईने मुलाला दूध पिण्यासाठी 'एग्झॉर्ट' केले असे लिहिणारा बहुधा विनोदच करत असतो.

जवळच्या शब्दांत सर्वांत महत्त्वाचा फरक 'परस्वेड'शी आहे. डॉक्टरांनी रुग्णाला धूम्रपान सोडण्यासाठी 'परस्वेड' केले म्हणजे त्याचे मन वळले. 'एग्झॉर्ट' केले म्हणजे त्यांनी जोर देऊन सांगितले, पुढे त्याने सोडले की नाही ते वाक्य सांगत नाही. इंग्रजी 'अर्ज' (urge) हा अधिक व्यापक आणि रोजच्या लिखाणात सोपा शब्द आहे; शंका असेल तेव्हा तोच घ्यावा. 'इम्प्लोर'मध्ये गयावया असते, तर 'इन्साइट'मध्ये (incite) चिथावणी, म्हणून दंगलीसाठी जमाव भडकवणाऱ्याला 'एग्झॉर्ट' लावल्यास नकळत त्याच्या कृत्याला प्रतिष्ठा मिळते. 'एक्स्टॉर्ट' दिसायला सख्ख्या भावासारखा असला, तरी त्याचा अर्थ धमकावून पैसे उकळणे असा आहे. एका अक्षराच्या चुकीने प्राचार्य खंडणीखोर ठरू शकतात.

वाक्यरचनेत मराठी माणसाची चूक ठरलेली असते. 'विद्यार्थ्यांना' या शब्दातला प्रत्यय आणि 'अपील्ड टू'ची सवय या दोहोंमुळे 'एग्झॉर्टेड टू द स्टुडन्ट्स' असे लिहिले जाते. हे क्रियापद कर्म थेट घेते आणि 'टू' त्यानंतर, करायच्या कृतीच्या आधी येतो: 'शी एग्झॉर्टेड द स्टुडन्ट्स टू रीड वाइडली'. नकारार्थी वाक्यात 'नॉट टू' येते, जसे 'ही एग्झॉर्टेड देम नॉट टू लूज होप'. 'टू'पुढे क्रियापदाऐवजी नामही चालते, उदाहरणार्थ 'एग्झॉर्टेड देम टू ॲक्शन'. मराठीतल्या 'असे सांगितले, की' या वळणावर 'दॅट' जोडून लांबलचक उपवाक्य लिहिण्याचा मोह टाळावा. कर्मणी प्रयोग सहज होतो: 'द प्लेअर्स वेअर एग्झॉर्टेड टू अटॅक'. सामन्याच्या वर्णनात थेट उद्गारानंतरही हे क्रियापद येते, जसे '"कम ऑन!" द कॅप्टन एग्झॉर्टेड'.

'एग्झॉर्टेशन' हे त्याचे नाम असून ते धार्मिक लिखाणात विशेष रुळलेले आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'एग्झॉर्ट वन अनदर डेली' असे वचन आहे, म्हणजे बरोबरीची माणसेही एकमेकांना धीर देत सन्मार्गाला लावू शकतात. कॅथलिक चर्चमध्ये 'अपॉस्टोलिक एग्झॉर्टेशन' हा पोपच्या लेखनाचा एक मान्य प्रकार असून पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेले 'इव्हान्जेली गाउडियम' त्याच प्रकारातले आहे. अशा ठिकाणी 'आवाहन' अपुरे पडते. संदर्भ पाहून 'उद्बोधन' किंवा 'प्रबोधनपर उपदेश' लिहावे, आणि भाषणाच्या वृत्तान्तात 'कळकळीचे आवाहन' असे विशेषण जोडून काम भागवावे.