आधी खरवडा, मग औषध

पाऊस तोंडावर आला आहे. एकदा हवेत ओल आली की भिंती वाळत नाहीत, म्हणून हे काम याच आठवड्यात उरका. आणि एक गोष्ट पक्की धरा: कोठाराची भिंत असो, क्रेट असो की रोपांचे ट्रे, मळ काढल्याशिवाय त्यावर कुठलंही जंतुनाशक मारू नका.

दरवर्षी हीच चूक पाहतो. जुन्या ट्रेच्या कप्प्यांत गेल्या हंगामाची माती, मुळांचे तुकडे तसेच असतात. त्यावरूनच क्लोरीनचं पाणी फिरवलं जातं. पुढे रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात आणि दोष जातो बियाण्याला. क्लोरीन आधी त्या मातीतल्या सेंद्रिय पदार्थावरच खर्ची पडतो. खालच्या बुरशीसाठी काही उरत नाही. पाण्याच्या टाकीतला बुळबुळीत थरही असाच जंतूंना पांघरूण घालतो. तो घासूनच निघतो.

क्रम असा:
- कोरडं झाडणं, तारेच्या ब्रशने खरवडणं
- साबणाच्या पाण्याने घासणं
- स्वच्छ पाण्याने धुणं, निथळू देणं
- जंतुनाशक
- ट्रे-क्रेट पुन्हा धुऊन वाळवणं

धुतलेल्या पत्र्याच्या भांड्यावर पाणी टाकून बघा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब थेंब होऊन राहिलं तर तेलकटपणा बाकी आहे. प्लास्टिकच्या क्रेटला ही खूण लावू नका, स्वच्छ प्लास्टिकवरही थेंबच होतात. ही माझी शेतावरची खूण आहे, पुस्तकातली नाही.

ट्रेसाठी क्लोरीनचं पाणी असं करा: 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट 1 भाग, पाणी 9 भाग. ट्रे किमान 10 मिनिटं पूर्ण बुडालेले हवेत. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ठेवू नका. त्यात ॲसिड किंवा अमोनिया चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

भिंतीला चुनाच पुरे. 1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी. चुना पाण्यात थोडा थोडा सोडा, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळून अंगावर उडतो, डोळा जाऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच करा. ताज्या चुन्याचा सामू (pH) 12 च्या वर, म्हणजे खूपच अल्कधर्मी असतो, जंतू मरतात ते त्यामुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू साधा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे गेल्या वर्षीचा हात आज नुसता पांढरा रंग आहे, नवा हात द्यावाच लागतो.

विक्रेता चांदीच्या किंवा तांब्याच्या कणांचं ‘पर्यावरणपूरक’ कोटिंग गळ्यात मारू लागला, तर लेबलवर सक्रिय घटक कोणता, कोणत्या जंतूंवर आणि किती वेळात चालतो, हे शोधा. नसेल तर डबा परत द्या. असलं, तरी त्यावर धुळीचा थर बसला की जंतू त्या धातूला टेकतच नाही. पैसे आधी खराट्याला आणि ब्रशला घाला.

वाळत घातलेले ट्रे जमिनीवर नको, फळीवर पालथे ठेवा. पहिल्या सरीत मातीचे शिंतोडे उडाले, तर ते पुन्हा पहिल्यापासून धुवावे लागतील.