सस्टेनेबिलिटीचे प्रोजेक्ट देताय? मग या चुका टाळा

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, पूर्व भागात गल्लोगल्ली माग चालतात, आणि आपली इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी तोच सेन्सरवाला डस्टबिन करून आणतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पण चूक पोरांची नाही, आपण मास्तर लोकांची आहे, कारण पहिल्याच आठवड्यात आपण "टॉपिक सांगा" म्हणतो आणि मग ती यूट्यूब उघडणार नाहीतर काय करणार? टॉपिक मागूच नका. पहिले तीन आठवडे नुसतं मोजायला पाठवा. हॉस्टेलची टाकी दिवसात किती वेळा भरते, एखाद्या मागाची मोटर किती युनिट खाते, मेसमध्ये रोज किती किलो अन्न उरतं. प्रॉब्लेम त्या वहीतूनच निघतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डोळ्यांनी मोजणं. माझ्याच एका ग्रुपचं सांगतो. टॉवेलच्या सुताच्या डाईंगचं सांडपाणी आणलं, वाळू-कोळशाचा फिल्टर केला, लाल पाणी जवळजवळ पांढरं झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नंतर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर आकडा होता तिथंच! कारण सुती धाग्याला रिअॅक्टिव्ह रंग चढायला मीठ लागतं, गडद शेडला तर लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर, आणि ते विरघळलेलं मीठ कोळसा काही धरत नाही. रंग गेला, खारटपणा राहिला, तेच पाणी शेतात सोडलं तर जमीन खराब होणारच. वर तो रंग प्यायलेला कोळसा टाकायचा कुठं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. म्हणजे घाण पाण्यातून कोळशात गेली एवढंच. तेव्हापासून माझा नियम असा, की आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग आणि "उरलेलं कुठं गेलं" हे तीन कॉलम नसतील तर रिपोर्ट परत. टीडीएस मीटर काहीशे रुपयात मिळतो, रेंज कमी पडली तर पाणी दहापट पातळ करून मोजा आणि आकड्याला दहाने गुणा.

दुसरं, कॅलेंडर बघा. रेन वॉटर हार्वेस्टिंग जानेवारीत द्यायचं आणि एप्रिलमध्ये डेमो घ्यायचा, अहो पाऊस कुठाय? आपल्याकडं वर्षाला साधारण ५५० मिमी पडतो, तोही जून ते ऑक्टोबर. १,००० चौरस फुटाच्या गच्चीवर, थोडं वाया जाणारं धरून, ४०,००० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. हे गणित पोरं दहा मिनिटात करतात, पण पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी वेगळं कसं काढायचं ते प्रत्यक्ष पावसात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तो प्रोजेक्ट पावसाळ्याच्या सेमला द्या, सोलर उन्हाळ्याच्या. आणि सोलरमध्ये डेटाशीट जशीच्या तशी कॉपी करू देऊ नका. पॅनलचं रेटिंग २५ अंशाला असतं, आपल्या गच्चीवर मे महिन्यात पॅनल ६५ अंशापर्यंत तापलं तर १५ टक्क्यांच्या आसपास वीज तिथंच कमी होते, धुळीचं वेगळंच.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर १७ पैकी चार एसडीजीचे (संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांचे) रंगीत चौकोन चिकटवले की सस्टेनेबिलिटी झाली, हेही बंद करा. त्याऐवजी एकच विचारा, हे बसवायचा खर्च कोण करणार आणि कामगाराला त्रास वाढणार का कमी होणार? मागवाल्याचे पैसे दोन-तीन वर्षात सुटत नसतील तर तो ते बसवणार नाही, आणि त्यात त्याचं चुकतंय असंही नाही.

आता अडचणी. कारखानदार आत घेत नाहीत, हे दरवर्षीचं. त्यांना तक्रारीची भीती असते, मग कॉलेजचं पत्र न्या, रिपोर्टमध्ये नाव येणार नाही आणि आकडे आधी तुम्हालाच दाखवू असं स्पष्ट सांगा. तरी नाही जमलं तर वर्गातच विचारा, कुणाचे वडील नाहीतर मामा मागावर असतातच, घरच्या माणसाच्या ओळखीनं दार लवकर उघडतं.

ग्रुपमध्ये एकटाच राबतो? रीडिंगची पाळी लावा, ज्याच्या पाळीची पानं कोरी त्याचे मार्क तिथंच कट.

मॉडेल चाललंच नाही तर? मार्क कापू नका. का चाललं नाही ते आकड्यानिशी लिहिलं असेल तर पूर्ण मार्क द्या, नाहीतर पुढच्या वर्षी पोरं तयार प्रोजेक्ट विकत आणतील. आमच्या त्या फिल्टरवाल्या ग्रुपची वही मी जपून ठेवलीय, या वर्षीच्या बॅचनं तिथूनच सुरुवात केलीय. पाणी साफ करण्याआधी मीठच कमी वापरता येईल का, हे विचारायला ती पोरं सध्या डाईंगवाल्यांकडे फिरतायत.