करवंदीच्या जाळीखालील रानभाज्या : पावसाळ्याच्या तोंडावरील सल्ला

करवंदे, म्हणजे आपली काण्टां, उतरवून झाली की जाळीखालची जमीन खरवडून साफ करण्याची पद्धत अनेक बागायतदारांकडे आहे. ती यंदा सोडावी. गोव्यातील पेडणे, सत्तरी किंवा सांगे येथील जांभ्याच्या उतारांवर मातीचा थर मुळातच पातळ असतो आणि वर्षाकाठी होणाऱ्या सुमारे 3000 मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडत असल्यामुळे, उघडी माती पहिल्या जोरदार सरींबरोबरच ओहोळात जाते. ग्रासकटर फिरवण्यापूर्वी एकदा जाळीखाली वाकून काय उगवले आहे ते पाहावे.

पाणी झिरपणाऱ्या सावलीत मंडूकपर्णी पसरते. तिला सर्रास ब्राह्मी म्हटले जाते, पण बारीक, जाडसर पानांची नीरब्राह्मी निराळी. मंडूकपर्णीच्या सरपटत्या खोडाला पेरापेराला मुळे फुटतात आणि तीच माती धरून ठेवतात, म्हणून वेल न ओढता देठासह पानेच खुडावीत. थोडे ऊन लागते त्या कडेला आंबुटी येते. तिचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा असल्याने ती चटणीपुरतीच घ्यावी आणि मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावी.

घोळीबाबत मात्र विशेष सावधगिरी हवी. तिच्यासारखीच लालसर, जमिनीलगत पसरणारी दुधी (दुधी भोपळा नव्हे, त्याच नावाचे तण) शेजारीच वाढते. देठ मोडून पाहावा: पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. करवंदीचा चीकही पांढराच असल्यामुळे ही परीक्षा बोटे पुसून करावी, नाहीतर चांगली घोळही फेकली जाईल.

जाळीच्या बाहेरच्या अंगाला येणारा टायकिळा, म्हणजे टाकळा, उंच वाढून करवंदीच्या नव्या फुटीला झाकतो. फुलावर येण्यापूर्वी त्याचे कोवळे शेंडे खुडत राहिले की निंदणीही होते आणि भिकणां (फणसाच्या आठळ्या) घालून भाजीही. त्याच्या पानाला गोलसर टोकाच्या तीनच जोड्या पर्णिका असतात. चार-पाच जोड्या आणि अणकुचीदार टोके दिसली तर तो कासविंदा समजून बाजूला ठेवावा.

नवीन लावलेल्या रोपांच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. तणनाशक मारलेल्या किंवा खनिजवाहू ट्रकांच्या रस्त्यालगतच्या जागेतली भाजी, ओळखीची असली तरी, घरात आणू नये. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर सुकत आलेला पाला कापून आच्छादन म्हणून अंथरावा. मात्र शेंगा धरलेला टायकिळा त्यात मिसळू नये.